डावखुऱ्या गाठी

भिंगाखाली हार धरून ती मोत्यांवरचे ओरखडे टिपत होती आणि टिपता टिपता थांबली. मोत्यांना काही झालं नव्हतं. काय ते मोत्यांच्या मधल्या दोऱ्यात होतं. दर दोन मोत्यांमध्ये रेशमाची एक एवढीशी गाठ मारतात, मोहरीहून लहान. हार तुटलाच तर एकच मोती पडावा, सगळे घरभर पळू नयेत म्हणून. ही गाठ झाडून सगळे ओवणारे उजवीकडे वळवतात, कारण झाडून सगळे उजव्या हातानं ओवतात. इथं ती डावीकडे वळली होती. पहिली तशी, दुसरी तशी, कडीजवळची शेवटचीही तशीच. पाकिटावरचं बापाचं अक्षर बघताक्षणी कळावं तसं तिला कळलं. छत्तीस वर्षं हा हार कुठल्याशा बँकेच्या कपाटात पडून होता, कुणी गळ्यात घातला नव्हता, दोरा पिवळा पडला होता, आणि गाठी मात्र जशाच्या तशा, घट्ट, एकसारख्या. तिनं टेबलावरचा दिवा बंद केला. मग पुन्हा लावला. पलीकडे कॅमेरा लावत बसलेल्या छायाचित्रकारानं विचारलं, "काय गं, खोटे निघाले की काय?" "छे, खरे आहेत," ती म्हणाली, आणि आपला आवाज असा चोरटा का आला हे तिला कळेना. कळेना कसलं, चांगलं कळत होतं.

मग तिनं मोती मोजले. मोजायची काही गरज नव्हती, किती भरणार ते तिला ठाऊक होतं. साठ. आणि घराण्याच्या जुन्या यादीत, तपकिरी शाईत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: मोती एकसष्ट. लिलावघरात तिचं काम हेच. वस्तू कुणाची, त्याआधी कुणाची, त्याच्याही आधी कुणाची, अशी मालकीची साखळी जुळवायची आणि लिलावाच्या पुस्तकात दीड पानात लिहून खाली सही करायची. तिची सही असल्याशिवाय साखळी पुरी धरत नसत. या हाराची साखळी तशी सरळ होती. आताच्या मालकाच्या पणजोबांनी तो पहिल्या बायकोसाठी घेतला; ती वर्षातच गेली आणि तिचं दुःख करता करता पणजोबांनी दुसरी आणली, तिच्या गळ्यात तो गेला. पहिलीची मुलगी जन्मभर भांडली, हार माझ्या आईचा, पण हार गेला सुनेकडे, मग सुनेच्या सुनेकडे. लेकींकडे कधी आलाच नाही. सुनेच्या तैलचित्रात तो दिसतो. चित्रकारानं कंटाळून कसेबसे चाळीसेक ठिपके मारलेत. सुनेची सून म्हणजे बाईसाहेब. त्या दोन वर्षांपूर्वी वारल्या आणि त्यांच्या मुलानं हार विकायला काढला. आज सकाळपर्यंत हे एक चांगल्या घराण्याचं चांगलं काम होतं. बाईसाहेब काय, प्रत्येक जुन्या घरात एक असते. तिच्या लहानपणी त्या घराचं नाव घ्यायची घरात बंदीच होती. आई म्हणायची, "त्या लोकांनी." बाबा काहीच म्हणायचे नाहीत.

ती तेव्हा दहा वर्षांची होती. किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, आणि पुढच्या खोलीच्या खिडकीशी बाबा मखमल लावलेली फळी मांडीवर घेऊन बसायचे. सराफ माल पाठवायचे, कधी मोठ्या घरांतून थेट बोलावणं यायचं. ओवणाऱ्यांचा एक रिवाज असतो: जुना हार हातात घेतला की दोरा कापायच्या आधी, मालकाच्या देखत, मोठ्यानं मोती मोजायचे. मालकानंही मोजायचे. दोघांचा आकडा जुळला की चिठ्ठी. बाबांनी जन्मात हा रिवाज मोडला नव्हता, तो त्या एका दिवशी मोडला. त्यांनी पहिल्या मोत्यावर बोट ठेवलं आणि बाईसाहेब हसून म्हणाल्या, "मोजताय? आमच्यावर विश्वास नाही वाटतं?" झालं. बाबा कानापर्यंत लाल झाले आणि हार रुमालात बांधून घरी घेऊन आले. सहा दिवसांनी ओवून परत नेला, तेव्हा बाईसाहेबांनी यादी काढली आणि स्वतः मोजले: एक कमी. पुढचे कितीतरी महिने आई एकच विचारायची, "अहो, पण मोजले का नाहीत?" आणि बाबा एकच सांगायचे, "भीड पडली." "भीड म्हणे! त्या भिडेचं आता लोणचं घाला!" आई भांडी आपटायची. त्या लोकांनी पोलिसांत दिलं नाही. दिलं असतं तर कुणी चौकशी तरी केली असती. त्यांनी फक्त चार सराफांच्या कानावर घातलं, आणि महिन्याभरात खिडकीतली फळी रिकामी झाली. गल्लीत मुलं बाबांना 'साठवाले' म्हणू लागली. मग ते छत्र्यांच्या कारखान्यात कापड शिवायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत छत्र्याच शिवत राहिले.

पण लाजेनं तिची मान आजही खाली जाते ती याच्यामुळे नाही. घर तेव्हा सगळ्यांनी गुपचूप शोधलं होतं. आईनं साफसफाईचं निमित्त करून गादी उसवली, डबे पालथे केले. आई चिडूनही शोधत होती आणि घाबरूनही. आणि एका दुपारी तिनं, दहा वर्षांच्या मुलीनं, दाराशी ठेवलेला बाबांचा बूट उचलला, उलटा केला आणि टाचेवर दोनदा थापटला. चोर असेल तर बुटात लपवेल, असं तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. वर बघते तो दारात बाबा उभे. अनवाणी. ते रागावले नाहीत, बाजूनं आत निघून गेले. आणि दुसऱ्या दिवसापासून, बाहेरून आले की दाराशी स्टुलावर बसून बाबा बूट काढायचे, एकेक उलटा करायचे, टाचेवर दोनदा थापटायचे, मगच खाली ठेवायचे. रोज. आई म्हणायची, "खडे जातात त्यांच्या बुटात." खडे नव्हते ते, तिला माहीत होतं. बघ बाई, काही नाही, असं ते तिला दाखवत होते. छत्तीस वर्षांत त्यांनी ही शिक्षा एकदाही माफ केली नव्हती. आई गेल्यावर ते तिच्याकडे राहायला आले तेव्हा ते स्टूलही बरोबर आणलं. आणि शिक्षा वाजवीच आहे असं तिला वाटायचं, म्हणून तिनंही कधी विषय काढला नव्हता.

अकरा वाजता बाईसाहेबांचे चिरंजीव आले. साठीचे असूनही घराण्याच्या कागदांत ते अजून 'धाकटे साहेब'च होते. गुलाबी, गप्पिष्ट, हलक्या निळ्या टायवर मोत्याची पिन, आणि काखेत कागदांनी भरलेली एक पत्र्याची पेटी. "वडिलांची. मी उघडूनसुद्धा पाहिली नाही," ते म्हणाले, "तुम्हीच काय ते उपसा." तिनं यादी पुढे केली आणि आकड्यावर बोट ठेवलं. ते मोकळेपणी हसले. "अहो, होतेच एकसष्ट! त्याची गंमतच आहे. आईनं एका ओवणाऱ्याकडे दिला होता. डावखुरा होता म्हणे, पण हात असा चालायचा की बघत राहावं. गडी एक मोती लंपास करून मोकळा! टाका की हे पुस्तकात. लोकांना असल्या गोष्टी आवडतात, वस्तूला जरा वजन येतं." तिनं विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?" "त्यांचं? नाव कुणाला आठवतंय!" आणि तिचा जीव भांड्यात पडला. अगदी खरं सांगायचं तर पहिल्यांदा तेच झालं. राग नाही, दुःख नाही, नाव कुणाला आठवत नाही हे ऐकून तिला हायसं वाटलं. ते वाटलेलं तिनं स्वतःच पाहिलं आणि आतल्या आत मेल्याहून मेल्यासारखी झाली. वरवर मात्र ती मान हलवून टिपून घेत होती.

दुपारी तिनं मसुदा लिहिला. त्यात ते वाक्यही लिहिलं, हो, लिहिलं, तिच्याच हातानं. आधी लिहिलं, 'एक मोती ओवणाऱ्याकडून चोरीस गेला.' ते खोडलं. मग लिहिलं, 'एक मोती ओवणाऱ्या कारागिराकडून गहाळ झाला,' आणि आपण केवढा मोठेपणा दाखवला असं तिला क्षणभर वाटलं. गहाळ! कसला सोज्वळ शब्द. साहेबांनी, म्हणजे लिलावघराच्या प्रमुखांनी, येता-जाता पानावर नजर टाकली. "छान. ही गोष्ट राहू दे." या नोकरीच्या मुलाखतीत याच साहेबांनी विचारलं होतं, दागिन्यांच्या धंद्यात घरचं कुणी आहे का, आणि ती म्हणाली होती, "नाही, वडील छत्र्यांच्या कारखान्यात होते." ते खोटं नव्हतं. गेली वीस वर्षं ती असंच खोटं नसलेलं बोलत आली होती: मैत्रिणींना, नवऱ्याला लग्नाआधी, आणि लग्न मोडल्यावर त्याच्या वकिलाला. मोत्यांविषयी तिला एवढं कसं कळतं असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "वाचून." बाबांनी तिला आठव्या वर्षी गाठ मारायला शिकवली होती. ती उजवी, म्हणून तिला आरशासमोर बसवून शिकवली होती. आरशात बघ, म्हणजे माझा हात तुझ्यासारखा दिसेल. आता या टेबलावर बसून तिला तो आरसा आठवला, त्याचा फुटलेला कोपरा, आरशातलं बाबांचं हसू, आणि कागदावर समोर 'गहाळ'.

त्या संध्याकाळी बाबा फिरून आले तेव्हा ती स्वयंपाकघरात चहा करत उभी होती. दाराशी स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मग टाचेवर दोन थापा. मग दुसऱ्या टाचेवर दोन. "आज लवकर आलीस?" बाबा म्हणाले. "हो." "काम फार नव्हतं?" "होतं. एक हार आलाय." "मोत्यांचा?" ते 'मोत्यांचा' इतकं हळू आलं की तिनं साखर जास्त घातली. "नाही, सोन्याचा," ती म्हणाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, बोटं थरथरणारी, त्याला तिनं चहा दिला आणि खोटं सांगितलं. चहा गोडमिट्ट झाला होता आणि त्यांनी तो पिऊन टाकला.

दुसरा दिवस पेटीत गेला. घोड्यांच्या पावत्या, शिंप्याची बिलं, कुणाकुणाची आजारपणं, जमिनीच्या वाटण्या. तिसऱ्या दिवशी, पेटीच्या तळाच्या कागदाखाली घडी करून ठेवलेली एक पावती निघाली, परगावच्या कुठल्याशा सराफाची. 'आपल्या हुकमाप्रमाणे हारातला कडीजवळचा एक मोती काढून टायपिनेत बसविला. हार साठ मोत्यांवर जोडून सोबत परत. सूचनेप्रमाणे घरी कळविणार नाही.' खाली तारीख. बाबांच्या हातात हार यायच्या सात महिने आधीची. तिनं ती पावती किती वेळा वाचली कोण जाणे. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. डोळ्यांसमोर आला तो बूट. पावती नसतानाही एका माणसानं त्यांच्यावर विश्वास ठेवायचा होता, एकानं तरी, आणि ती दहा वर्षांची असली म्हणून काय झालं. चाळिसाव्या वर्षी कुठं ठेवला होता? परवा कुठं ठेवला होता? परवा तर तिनं 'गहाळ' लिहिलं होतं. तिला वाटलं, पावती परत घडी करून तळाशी सरकवावी. बाबांना काय कळणार आहे, नाव कुठं कुणाला आठवतंय. असंही तिला वाटलं. काय काय म्हणून वाटतं माणसाला! मग तिनं उठून मसुद्याचं पान फाडलं, आणि फाडताना छायाचित्रकारानं बघितलं तरी थांबली नाही.

साहेबांच्या खोलीत धाकटे साहेब आधीच बसले होते. तिनं पावती दोघांच्या मध्ये ठेवली. धाकट्या साहेबांनी ती चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली, आणि त्यांचा हात आपोआप टायकडे गेला. पिन बोटांखाली झाकली गेली. "वडिलांनी दिली होती," ते म्हणाले. "परीक्षा पास झालो म्हणून. मोती कुठला, हे कोण विचारतं?" त्यांनी पावती खाली ठेवली. "आई किती दिवस धड जेवत नव्हती. रोज जेवताना तोच विषय, चोर, चोर. वडील समोरच बसलेले असायचे." त्यांनी चष्म्याची काडी मिटली. "एक अक्षर बोलले नाहीत." त्यांचा गुलाबी चेहरा उतरला होता, आणि क्षणभर तिला वाटलं, या माणसालाही जेवणाच्या टेबलावरचं ते सगळं आठवतंय, यालाही लाज वाटतेय. पण लगेच ते म्हणाले, "पण आता हे कशाला? दोघंही गेले. साठ मोती म्हणा आणि सोडून द्या." तेवढ्यात साहेब खुर्चीतच उडाले. "थांबा, थांबा! म्हणजे तो मोती आहे! अहो, पिनही लिलावाला लावा. एकसष्ट पुरे! असा योग कुठं येतो?" धाकट्या साहेबांनी बोटं बाजूला घेतली आणि पिनेकडे पाहिलं. "तसं म्हणता? चांगला भाव येईल?" येईल म्हणजे काय, साहेब म्हणाले, आणि दोघं बोलू लागले. खरं ते पुस्तकात जाणार होतं, ते असं, भाव येईल म्हणून. त्याचीही तिला लाज वाटली.

"ओवणाऱ्याबद्दल एक ओळ हवी," ती म्हणाली. साहेब म्हणाले, "कशाला? चोरीच नाही म्हटल्यावर त्याचं काय काम?" "हार शेवटचा त्यांनी ओवलाय. गाठी त्यांच्या आहेत. कारागिराचं नाव ठाऊक असेल तर आपण घालतो." "पण ठाऊक आहे का?" वीस वर्षांचं खोटं नसलेलं सगळं घशाशी आलं. "माझे वडील आहेत," ती म्हणाली. "नाव घाला. नाहीतर मी सही करणार नाही." साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना मुलाखत आठवत असावी. पुढे काय ते विचारतील, तिची नोकरी राहील न राहील, त्या वेळी ते कुणीच बोललं नाही. बोलले ते धाकटे साहेब. "अच्छा! आहेत का अजून ते? वा! नमस्कार सांगा हं त्यांना." त्यात खवचटपणा नव्हता, खरंच नव्हता. माणूस मनापासून नमस्कार सांगत होता. "सांगते," ती म्हणाली, आणि जिन्यात आल्यावर आपण इतक्या अदबीनं 'सांगते' म्हणालो म्हणून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

त्या संध्याकाळी ती दाराशीच थांबली. बाबा आले, स्टुलावर बसले, एक बूट काढला, उलटा केला, दोनदा थापटला. दुसऱ्याच्या नाडीला त्यांनी हात घातला तेवढ्यात तिनं बोलायला सुरुवात केली. सोन्याचा नव्हता, मोत्यांचा होता, इथपासून. पावतीची प्रत तिनं हातात दिली, ती त्यांनी लांब धरून, ओठ हलवत वाचली.

"कडीजवळचा?"

"हो."

"म्हणजे मी मोजले असते तर साठच भरले असते."

"हो, बाबा."

त्यांनी पावतीची घडी घातली. मग म्हणाले, "गाठी सुटल्या नाहीत ना?"

"एकही नाही. पुस्तकात नाव येणार आहे तुमचं."

"माझं? कशाबद्दल?"

"ओवलात म्हणून." आणि मग तिला राहवेना. "त्यांच्या मुलानं नमस्कार सांगितलाय," असं काहीतरी भलतंच ती बोलून गेली, आणि लगेच खाली फरशीवर बसली, त्यांच्या एका बुटासमोर. "बाबा, मी तुमचा बूट उलटा केला होता. त्या दिवशी. तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं की. दारातच होतो."

"मला माफ करा."

"अगं, कसली माफी?" बाबा खरोखरच गोंधळले. "तू बूट उलटा केलास ना, तेव्हा मला वाटलं, देवा, आता पडू दे. पडला असता तर नेऊन दिला असता, सुटलो असतो. सगळं शोधून झालं होतं माझं. फरशीच्या फटी, बाह्यांच्या दुमडी, नखांच्या कडा. बूट बघायचा सुचलाच नव्हता. तू उचललास तेव्हा म्हटलं, अरे, खरंच की! बारीक मोती, अस्तरात जाऊन बसला तर बसतो. तेव्हापासून बघतो आपला."

"पण बाबा, तो तुम्ही हरवला नव्हता."

"ते आज कळलं. तेव्हा वाटायचं, माझ्याच हातून गेला असणार कुठंतरी. एवढी मोठी माणसं, ती खोटं कशाला सांगतील?"

"आणि हे बूट तर गेल्या वर्षी घेतलेत."

"ते का मला कळत नाही? कळतं गं. पण हात जातो."

त्यांनी वाकून दुसऱ्या बुटाची नाडी सोडायचा प्रयत्न केला, पण डाव्या हाताची बोटं ऐकेनात. तिनं सोडली. बूट तिच्याच हातात आला, ऊबदार, टाचेशी झिजलेला. बाबांचा हात सवयीनं पुढे झाला होता, तो तसाच हवेत राहिला. तिनं बूट उलटा केला, टाचेवर दोनदा थापटलं, आणि दोघांनी खाली फरशीकडे बघितलं.